कोंडाणे : राजमाचीच्या पायथ्याचा विहार

पनवेलहून लोहमार्गाने कर्जतला उतरून कोंदिवडे गावाच्या दिशेने गेले की राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या दाट झाडीत कोंडाणे लेणी लागतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची ही लेणी कल्याण-सोपारा बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेच्या जवळ, तरीही गजबजाटापासून दूर खोदलेली असल्याने भिक्षूंना दान आणि एकांत दोन्ही मिळत असावे.

येथील चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठीचे सभागृह, काष्ठशिल्पाचे दगडातील रूप आहे. त्याच्या दर्शनी भागावर पिंपळपानाच्या आकाराची मोठी कमान, जाळीची नक्षी आणि नर्तन करणाऱ्या युगुलांचे शिल्पपट आहेत. शेजारच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासात, मधल्या दालनाभोवती कोठड्या असून छतावर लाकडी तुळयांची हुबेहूब प्रतिकृती कोरलेली आहे. दगडी छताला तुळयांचा आधार लागत नाही, तरीही सुतारकामाची सवय पाथरवटाच्या छिन्नीला सुटली नाही, हे पाहणाऱ्याला मौजेचे वाटते.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागालगत एका भग्न भव्य शिल्पाचे मस्तक उरले असून, कण्ह याचा शिष्य बलक याने ते घडविल्याची नोंद त्याजवळच्या ब्राह्मी लेखात आहे. प्राचीन लेण्यांत दात्यांची नावे पुष्कळ आढळतात, शिल्पकाराचे मात्र क्वचितच.