मानेवरचा काळेपणा मळ नव्हे

मुलाची मान काळी दिसली की आपल्या घरांत पहिला शब्द येतो, "नीट आंघोळ करत नाहीस!" मग घासणी, लिंबू, बेसन सुरू होते. मान लाल होते, पण काळी ती काळीच राहते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ म्हणून हिणवले गेले, त्या आपण तरी लेकरांना विनाकारण घाणेरडे म्हणू नये.

मानेच्या मागे, काखेत, जांघेत कातडी काळी, जाडसर आणि मखमलीसारखी लागत असेल, तर तो बहुधा मळ नसतो. रक्तातील साखर पेशींत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. वजन वाढले, विशेषतः पोटाभोवती चरबी साठली, की पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग शरीर जास्त इन्सुलिन तयार करते. त्या जादा इन्सुलिनमुळे कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि काळा पट्टा उमटतो. हा संसर्ग नाही. प्रत्येक काळ्या मानेमागे मधुमेह असतोच असेही नाही. पण पुढे मधुमेह, रक्तदाब, यकृतात चरबी होऊ शकते, याची ही आगाऊ सूचना असते.

"आमचा मुलगा काही फार लठ्ठ नाही," असे आपण म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतील माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त, असे त्यात दिसले. म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्या, तो दुमडून अर्धा करा आणि कमरेभोवती लावा. सहा वर्षांवरील मुलाला तो पुरला नाही, तर पोट वाढले आहे असे समजा.

मग काय करावे? कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, जे जवळ असेल तिथे मुलाला दाखवा. उपाशीपोटीची साखर १००च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची पायरी, आणि १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शंका घेऊन पुन्हा तपासणी करतात. रक्तदाबही मोजून घ्या. मेडिकलमधून गोरेपणाची क्रीम आणून लावू नका. त्यातल्या स्टिरॉइडने कातडी बिघडते.

मुलाला उपाशी ठेवू नका, ते वाढीचे वय आहे. पाव लिटर थंड पेयात सुमारे सहा चमचे साखर असते. आधी ते बंद करा. रोजच्या वेफर्स-वडापावऐवजी भाकरी, मटकीची उसळ, अंडे, सुकट द्या. वस्तीत मैदान नसले तरी विहाराच्या अंगणात दोरीउड्या मारता येतात, लंगडी खेळता येते. रोज एक तास अंग हलले पाहिजे.

वजन आटोक्यात आले की मानही हळूहळू उजळते. त्याला काही महिने लागतात. तोवर घासणी बाजूला ठेवू या.