खुराकाचं बिल कोणाच्या नावावर

कोल्हापुरात 1912 साली खासबागचं मैदान उभं राहिलं, तेव्हा पैलवानाने काय खायचं हे वस्ताद ठरवायचा आणि त्याचे पैसे दरबार मोजायचा. शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि त्यावरून खासबाग बांधलं, ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो. दरबाराच्या हिशेबातली बाजू मात्र कमी सांगितली जाते. राजाश्रय म्हणजे राहायला तालीम, घुमायला लाल माती आणि रोजचा खुराक. यातला शेवटचा खर्च सगळ्यात मोठा आणि तो कधी थांबत नाही. गेल्या शंभरेक वर्षांत महाराष्ट्रात शरीर कमावणाऱ्यांच्या ताटात काय आलं आणि काय गेलं याचा मागोवा घेताना माझं लक्ष पदार्थांपेक्षा या हिशेबाकडेच जातं. विज्ञान बहुतेक वेळा मागाहून आलं. आधी पैसे देणारा बदलला.

तालमीचा खुराक होता तरी काय? म्हशीचं दूध, तूप, बदाम, आणि थंडाई. थंडाईला बदाम, खसखस, मगज बी, बडीशेप, मिरी, वेलदोडा. रात्री भिजवायचं आणि पहाटेच्या जोर-बैठका झाल्या की कुंडीत सोट्याने वाटायचं. हे वाटण म्हणजेही एक व्यायामच. तो पोरसवदा पठ्ठ्यांच्या वाट्याला यायचा. बनारसकडच्या आखाड्यांत पैलवान सहसा शाकाहारी. आपल्याकडे मात्र मटणाला कोणी नाही म्हटलं नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देण्याची रीत आहे, तिचंही तालमींशी जुनं नातं.

आजच्या हिशेबाने हा खुराक मांडून पाहिला तर गंमत दिसते. दोन लिटर म्हशीच्या दुधात साधारण 75 ते 80 ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण स्निग्धांश 130 ग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक दोन हजारांच्या घरात. शंभर ग्रॅम बदाम म्हणजे आणखी 20 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास 600 उष्मांक. भाकरी आणि मटण अजून ताटात यायचंच आहे. म्हणजे प्रथिनं भरपूर, पण त्याहून कितीतरी जास्त इंधन. पहाटे दोन वाजता उठून हजार-हजार बैठका मारणाऱ्याला ते लागतच होतं. शिवाय मातीतल्या कुस्तीत अंगावरचं वजन उपयोगाचं होतं. पोटाचे स्नायू मोजायला तिथे कोणी येत नव्हतं.

संस्थानं गेली आणि हा हिशेब विस्कटला. यात्रेतल्या फडाचं इनाम, गावाची वर्गणी, घरची म्हैस यांवर तालमी तग धरून राहिल्या. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मानधनावर पैलवान ठेवले, तेव्हा जुन्या दरबाराची जागा काही प्रमाणात भरून निघाली. या मधल्या काळाची ओढाताण खाशाबा जाधवांच्या कहाणीत स्पष्ट दिसते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी 57 किलो गटात कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मॅटवरच्या कुस्तीत वजनाचा काटा आला आणि खुराकाचा अर्थही बदलू लागला. आता जास्त खाण्याइतकंच मोजून खाणं महत्त्वाचं होतं.

दाखवण्याचं शरीर ही वेगळी परंपरा. युजेन सँडो 1904-05 मध्ये भारतात येऊन खेळ करून गेला आणि शहरी तरुणांच्या डोक्यात पीळदार शरीराचं चित्र बसवून गेला. याच सँडोने पुढे स्वतःच्या नावाची कोको पावडर इंग्लंडात विकायला काढली होती. तेव्हा शरीर दाखवायचं आणि डबा विकायचा, हा धंदा इन्स्टाग्रामने शोधला असं कोणी समजू नये.

बंगालचे शरीरसौष्ठवपटू मनोहर आइच यांचं उदाहरण माझ्या हिशेबात फार चपखल बसतं. ते रॉयल एअर फोर्समध्ये होते. एका ब्रिटिश अधिकाऱ्याला थप्पड लगावल्याबद्दल तुरुंगात गेले आणि तिथे कसल्याही साधनांशिवाय तासन्‌तास व्यायाम करू लागले. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी चकित होऊन त्यांना खास आहार सुरू केला, असं ते सांगत. म्हणजे 1952 च्या मिस्टर युनिव्हर्सच्या खुराकाचं एक बिल चक्क इंग्रज सरकारने भरलं! उंची पाच फुटांहूनही कमी, आयुष्य शंभरीपार. आणि खाणं? भात, डाळ, भाजी, मासे, दूध, फळं.

महाराष्ट्रात शरीरसौष्ठवाला बळ दिलं ते मुंबईने. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत गिरणीची पाळी संपवून आलेली पोरं घाम गाळायची. दरबार नव्हता, कारखान्याचं मानधन नव्हतं; जे काही होतं ते पगारातून. त्यामुळे भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, मोडाची मटकी, केळी, परवडेल तेव्हा अंडी आणि कलेजी. गरिबाचा खुराक म्हणून याची चेष्टा झाली आहे. पण शेंगदाण्यात शंभराला 25 ग्रॅम प्रथिनं असतात आणि हरभऱ्यात 20 च्या आसपास. 1982 च्या संपाने गिरणगावाचा कणा मोडला. त्यात पगारावर पोसलेली ही शरीरंही गेली, याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही.

या संपाच्या आधीच प्रथिनांवरून जगभर मोठा वाद झडून गेला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी माणूस होता. साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर 'प्रथिनांचं संकट' येऊ घातल्याची हाकाटी होती. गरीब देशांना प्रथिनांच्या भुकट्या पुरवा, असा तो सूर. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे तेव्हा अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते; नंतर ते पुण्याला आले. त्यांनी आकडे मांडून दाखवलं की तुटवडा मुख्यतः पोटभर अन्नाचा आहे. रोजचं धान्य-डाळीचं जेवण पुरेसं मिळालं, तर प्रथिनं बहुतेकांना त्यातूनच मिळतात. उलट पोट अर्धं असेल, तर वरून दिलेली प्रथिनं शरीर इंधन म्हणून जाळून टाकतं. 1974 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी त्या सगळ्या मोहिमेचे वाभाडे काढले. सुखात्मे बोलत होते ते सामान्य माणसाबद्दल, स्पर्धेतल्या खेळाडूबद्दल नव्हे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. वजनांचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागू शकतात आणि ते आज सर्वमान्य आहे. पण आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर चालणारा कारकून जेव्हा प्रथिनांच्या डब्यासाठी पगाराचा मोठा हिस्सा देतो, तेव्हा तो सुखात्म्यांचा तो सामान्य माणूसच असतो.

अंड्याचा प्रवास तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि 'संडे हो या मंडे'च्या जाहिरातीने अंडं घराघरांत नेलं. त्याच वेळी जिममध्ये पिवळं फेकायची फॅशन आली. अमेरिकेत कोलेस्टेरॉलच्या भीतीने 1968 पासून बलकावर मर्यादा सुचवली होती, तिची ही लांबून पोचलेली लाट. अंड्यातल्या एकूण प्रथिनांचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग त्या पिवळ्यात असतो, हे त्या पोरांना कोणी सांगितलं नाही. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांतून कोलेस्टेरॉलची ती रोजची मर्यादा 2015 मध्ये निघूनही गेली. आपल्या जिममध्ये पिवळ्याचा बहिष्कार अजून संपलेला नाही.

उदारीकरणानंतर जिम वातानुकूलित झाली, पाठोपाठ हिंदी सिनेमातल्या नायकांचे शर्ट उतरले. 2007 मध्ये 'ओम शांती ओम'मधला शाहरुख आणि पुढच्या वर्षी 'गजनी'तला आमीर यांनी सिक्स पॅक हा शब्द तालुक्यापर्यंत नेला. पोटावरचे कप्पे दिसायचे तर चरबी जायला हवी. मग तूप, बदाम, म्हशीचं दूध हे तालमीचे तिन्ही मानकरी एकदम गुन्हेगार ठरले. त्यांच्या जागी उकडलेली चिकन ब्रेस्ट, ओट्स, ब्रोकोली आणि व्हे प्रोटीन आलं. व्हे म्हणजे चीज करताना उरणारं पाणी, आपली निवळी. एकेकाळी डेअऱ्यांना ती टाकायची कुठे हा प्रश्न पडायचा. आज तिच्या एका चमच्यात 24-25 ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि वेळेला तो चमचा सोयीचा आहे, हे मान्य करायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अशी, की आता खुराक वस्ताद ठरवत नाही. डबा विकणाराच डाएट चार्ट लिहून देतो आणि बिल मात्र पोराच्या बापाच्या नावावर फाटतं.

स्पर्धेच्या तोंडावर तर खाण्याचा खेळ जिवावर बेततो. आधी भात-चपाती कमी, मग मीठ बंद, शेवटी पाणी तोडणं, म्हणजे कातडी पातळ दिसून कट्स उठतात. त्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या जातात. मोहम्मद बेनाझिझा हा नावाजलेला शरीरसौष्ठवपटू 1992 मध्ये हॉलंडमधल्या एका स्पर्धेनंतर याच वाटेने गेला. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत यात मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनची भर पडली. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरायचं औषध जिमच्या पोरांकडे सापडतं आणि राज्यात त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांच्या धाडी पडतात. बातमी दोन दिवस चालते.

डब्यावर लिहिलेलं डब्यात तरी असतं का? 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिन-पूरकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 25 डब्यांवर छापलेलं प्रथिनांचं प्रमाण आतल्या मालाशी जुळलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने नव्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिन-पूरकं टाळा असं स्पष्ट म्हटलं. जिमवाल्यांनी त्यावर दात काढले. संस्थेचा सल्ला सरसकट आहे आणि शाकाहारी स्पर्धकाला तो जाचक वाटू शकतो, हे खरं. पण दाणे, डाळी, दूध, अंडी यांतून शरीर घडवलेल्या कित्येक पिढ्या याच राज्यात होऊन गेल्या, हेही तितकंच खरं.

हिवाळा आला की मुंबई-पुण्यापासून तालुक्यांपर्यंत 'श्री' किताबाच्या स्पर्धांचे फ्लेक्स लागतात. विजेत्याला मोटारसायकल, रोख रक्कम, ढाल मिळते. व्यासपीठावर डबेवाल्या कंपनीचं नाव झळकतं. भरवणाऱ्या मंडळांना एवढंच सांगणं आहे: त्या बक्षिसातला एक हिस्सा पहिल्या पाचांच्या उत्तेजक चाचणीसाठी काढून ठेवा, मंचाशेजारी डॉक्टर बसवा, आणि उरलेल्या पैशांत तालुक्यातल्या चार गरीब पोरांच्या दूध-अंड्यांचं वर्षभराचं बिल मंडळाच्या नावावर घ्या.