चाक अडतं कुठे? लाकडी शर्यतगाडी, खिळा आणि घर्षण

शिरूरला हा विषय मांडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलांनी आपापल्या गाड्या सोबत आणल्या होत्या, आणि आज दौंडलाही तसंच दिसतंय. सागाच्या ठोकळ्याची बॉडी, बाभळीची किंवा शिसवीची लेथवर काढलेली चार चाकं, आणि आस म्हणून चार खिळे. उतारावरून सोडायची, जिची आधी पोचेल ती जिंकली. मोटर नाही, सेल नाही. जे काही करायचं ते पृथ्वीच्या ओढीनं.

ही शर्यत आज जगभर खेळतात. 1953 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्काउट पथकातल्या लहान मुलांसाठी ती पहिल्यांदा भरवली. तिथे गाडीच्या वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजे साधारण 142 ग्रॅम असते. पण गाडी करून उतारावर सोडणं आपल्याकडे नवं नाही. ज्वारीच्या चिपाडाची गाडी आणि जुन्या स्लीपरची कापलेली चाकं, हे इथल्या निम्म्या लोकांनी लहानपणी केलेलं आहे. गॅरेजच्या भंगारातलं बेअरिंग लावून फळीवर बसणारेही असतील. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान कसं शिकायचं, हे अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं दाखवलं. आपली आजची गाडी त्याच घराण्यातली.

आता मुद्द्यावर येऊ. मुलांना विचारलं, गाडी पळावी म्हणून काय केलंत, तर उत्तर येतं, "चाक घासलं." कुठे घासलं? तर बाहेरून, जिथे ते जमिनीला टेकतं तिथे. चाक आरशासारखं चकचकीत. दिसायला सुंदर, पण मेहनत चुकीच्या जागी गेली. चाकाचा बाहेरचा काठ फळीवर घसरत नाही, तो टेकतो आणि उचलला जातो. त्याला ओबडधोबडपणा नको, गोलाई पक्की हवी, एवढं पुरे. खरं घासणं चालू असतं आत, चाकाच्या भोकात. तिथे खिळा स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरत असतं. लाकूड लोखंडावर घसरतं ते तिथेच.

बैलगाडीचंही हेच. आस स्थिर, तुंबा तिच्यावर फिरतो. म्हणून गाडीवान वंगण घालतो ते तुंब्यात, धावेवर कोणी तेल ओतत नाही. हे आपल्या आजोबांना माहीत होतं, फक्त खेळण्यातल्या गाडीपाशी आल्यावर आपण विसरतो.

भोकातलं घर्षण गाडीला किती मागे ओढतं, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, लाकूड आणि लोखंड एकमेकांना किती धरतात. दुसरी, चाकाच्या मानाने आस किती बारीक आहे. चाकाचा व्यास 30 मिलिमीटर आणि खिळा 2.4 मिलिमीटर जाडीचा धरा. भागाकार साडेबारा. म्हणजे भोकातल्या घर्षणाचा फक्त साडेबारावा हिस्सा गाडीच्या वाट्याला येतो. चाकाचा शोध म्हणतात तो हाच: घर्षण नाहीसं झालं नाही, ते लहान त्रिज्येवर नेऊन ठेवलं. बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं का, याचंही निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं चिखलात आणि खड्ड्यांत आहे, मोठं चाक कमी रुततं.

आता आकडे घालू. उतार एक मीटर उंचीचा, पुढे सहा मीटर सपाट फळी. घर्षण अजिबात नसतं तर उताराच्या पायथ्याशी वेग सेकंदाला सुमारे 4.4 मीटर. घर्षण काय करतं, तर तुम्ही दिलेली उंची थोडी थोडी खात जातं, असं समजा. खिळा जसा दुकानातून आला तसाच लावला तर घर्षणांक 0.4च्या आसपास धरू. त्याला साडेबाराने भागा, 0.032. सहा मीटरांत गेली 19 सेंटिमीटर उंची. तोच खिळा नीट घासून, ग्राफाइट लावून घर्षणांक 0.1वर आणला, तर गेली पाच सेंटिमीटरही नाही. सपाटीवरच्या वेळेत फरक पडतो सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा. ऐकायला काहीच नाही. पण त्या वेगाला तेवढ्या वेळात गाडी वीतभर पुढे जाते. आणि वीतभर म्हणजे एक अख्खी गाडी. ज्या तालुक्यात बैलगाड्यांच्या शर्यतीचा निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, तिथे हे जास्त समजावून सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली त्या शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा मान्य केला. त्या सगळ्या वादात बैलाच्या वेदनेचा प्रश्न मध्यभागी होता. त्याकडे पुन्हा येऊच.

घासायचं म्हणजे नेमकं काय करायचं? खिळा हातात घेऊन नखाने चाचपून बघा. डोक्याच्या खाली आडव्या रेघा लागतील. कारखान्यात डोकं ठोकताना खिळा चिमट्यात धरतात, त्याच्या त्या खुणा. डोक्याच्या आतल्या कडेला बारीक कंगोराही असतो. आधी कानशीने तो काढायचा. मग खिळा ड्रिलमध्ये धरून फिरवायचा आणि पॉलिश पेपर लावत जायचं: 400, 600, 1000, शेवटी 2000. प्रत्येक पेपर आधीच्याचे ओरखडे पुसतो, म्हणून मधला नंबर गाळू नका. गाळला तर खोल ओरखडे तसेच राहतात, वरून फक्त चमक येते. शेवटी पितळेची भांडी घासायचं पॉलिश कापडावर घेऊन एक हात. ड्रिल मोठ्या माणसानं धरावं, आणि सैल बाह्या नकोत.

घासल्याने घर्षण कमी का होतं, याचं लोक देतात ते उत्तर अर्धवट आहे. "गुळगुळीत झालं म्हणून." पण गुळगुळीत म्हणजे काय? फ्रेंच अभ्यासक आमोंतों यांनी 1699 मध्ये मांडलं की घर्षण भारावर ठरतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. पुढे कूलॉम यांनी 1785 मध्ये ते पक्कं केलं. हे ऐकायला विचित्र वाटतं. त्याचा उलगडा विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी केला. दोन पृष्ठभाग सगळीकडे टेकतच नाहीत, फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात, जसा एका डोंगररांगेवर दुसरी डोंगररांग उलटी ठेवावी. त्या टोकांवर दोन गोष्टी घडतात. एक तर ती एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. आणि दुसरं, कठीण पृष्ठभागाचं टोक मऊ पृष्ठभाग नांगरत जातं. नांगरट हाच शब्द या शास्त्रातले लोकही वापरतात. लोखंडी खिळ्यावरचा प्रत्येक ओरखडा हा एक फाळ आहे आणि चाकाचं लाकूड हे रान. पॉलिश पेपर फाळ बोथट करतो. म्हणून खिळा घासणं भोक घासण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण कठीण तो आहे.

भोकाकडे मात्र दुर्लक्ष नको. ड्रिलने काढलेल्या भोकात लाकडाचे तंतू उभे राहतात. पेन्सिलीएवढ्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळला तर भोक वेडंवाकडं रुंद होतं. त्यापेक्षा त्याच मापाच्या खिळ्यावर ग्राफाइट लावून चाक हाताने शंभरेक वेळा फिरवा. तंतू आपोआप बसतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि भोक आवळतं, तेव्हा थोडी फट ठेवूनच भोक काढा.

ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीचं शिसं, पण शिशात माती मिसळलेली असते आणि माती घासते. जितकी पेन्सिल काळी तितकं ग्राफाइट जास्त. साध्या एचबीपेक्षा 8बी घ्या, किंवा कुलपात घालायची ग्राफाइट पूड हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती.

"तेल का नाही?" हा प्रश्न शिरूरला तीन वेळा आला, म्हणून सविस्तर सांगतो. बैलगाडीच्या तुंब्यात घट्ट वंगण चालतं, कारण वर टनभर ऊस असतो. एवढ्या भाराखाली पातळ तेल बाहेर फेकलं जाईल, घट्ट वंगण टिकून राहतं. आपल्या गाडीत एका चाकावर पस्तीस ग्रॅम. त्या भाराला घट्ट वंगण म्हणजे चिखलात पाय. वंगण स्वतःच ओढ लावतं. शिवाय लाकूड तेल पितं, फुगतं, धूळ धरतं. वंगण भार बघून निवडायचं असतं, चांगलं वंगण असं काही एकटं नसतं.

दौंडकरांना याचं मोठं रूप रोज दिसतं. रेल्वेचं चाक आसावर फिरत नाही, चाक आणि आस एकत्र फिरतात, आणि घासणं होतं आसाच्या टोकाला, पेटीत. जुन्या मालडब्यांत तिथे तेलात भिजवलेलं सूत ठासलेलं असे. ते कोरडं पडलं की आस तापायची, लाल व्हायची, प्रसंगी तुटायची. थांबा नसलेली गाडी जाताना स्टेशनवरचा माणूस झेंडा घेऊन उभा राहून डब्यांकडे बघतो, ते उगाच नाही. तापलेली आस, लोंबणारं काही, धूर, हे तो बघत असतो. 1980च्या दशकापासून मालडब्यांत रोलर बेअरिंग आलं आणि घसरण्याच्या जागी लोळणं आलं.

आता बैलाकडे. बंगळूरच्या आयआयएमचे संचालक असलेले एन. एस. रामस्वामी यांनी 1970च्या दशकापासून बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला. व्यवस्थापनाच्या संस्थेतला माणूस बैलगाडीवर का बोलतो, म्हणून लोक हसले असतील. त्यांचं म्हणणं सरळ होतं: चाक, बेअरिंग आणि जू यांत जे वाया जातं, ते जनावर आपल्या मानेने भरतं. हंगामात न्हावरे किंवा पाटस परिसरात कारखान्याकडे जाणाऱ्या टायरगाड्या बघा. टायर आणि बेअरिंग आल्याने ओढ हलकी झाली. पण मग आपण भार वाढवला. घर्षणात वाचवलेलं बैलाला मिळालं की उसाला, हे मोजायला पॉलिश पेपर उपयोगाचा नाही.

गाडीतल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. चाक काठाला जड नको, आतून कोरून हलकं केलं तर वेग घेताना कमी उंची खर्च होते. खिळा तिरका बसला तर गाडी फळीच्या कडेला घासते, आणि मग सगळं पॉलिश वाया. आधी सपाट फरशीवर दोन मीटर ढकलून ती सरळ जाते का बघा.

आणि मोजा. चाक बोटाने फिरवून किती वेळ फिरतं हे बघू नका, तेव्हा त्यावर गाडीचा भार नसतो. फळीला 10 सेंटिमीटर उंची द्या, पायथा फरशीला नीट मिळवून घ्या, गाडी सोडा, कुठे थांबली तिथे खडूची रेघ. उंचीला अंतराने भागा. तीन मीटरवर थांबली तर 0.033, म्हणजे खिळा दुकानातल्यासारखाच आहे. सहा मीटरवर गेली तर ओढ निम्मी झाली. यात फरशीची ओढही धरली जाते, म्हणून दरवेळी फरशी तीच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी एकच खिळा घासा, मग चारही, मग ग्राफाइट. दहा-बारा फेऱ्यांनंतर अंतर कमी होऊ लागेल. ग्राफाइट उडालेलं असतं, पुन्हा लावा. रेघा पुसू नका, प्रत्येकीपुढे तारीख आणि काय बदललं ते लिहा.