सोळा वर्षांची घरपट्टीवाढ एकाच बिलात

अकोला महापालिका २००१ साली झाली; घरपट्टीचे दर मात्र २०१७ पर्यंत जागचे हलले नाहीत. मग फेरमूल्यांकन झाले आणि साचलेली वाढ एकदम अंगावर आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निकाल फिरवला. कर वाढल्याशिवाय दिवाबत्ती, नाल्या, सफाई चालत नाही, हे म्हणणे खरेच आहे. पण वर्षाला थोडी वाढ घरखर्चात बसवता येते, सोळा वर्षांची एका बिलात नाही. दिरंगाई प्रशासनाची आणि भुर्दंड घरमालकाला, ही तक्रार वाढ कायदेशीर ठरल्याने मिटत नाही. पटत नसेल तर अपील करा, असे सांगितले जाते. अकोला असो की अमरावती, महापालिका कायद्याचे कलम ४०६ एकच: मागणीची रक्कम आधी भरा, मगच अपील ऐकले जाईल. भरली नाही, तर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती. पाच हजार थकले, की महिन्याला शंभर रुपये. मोजणीत चूक पालिकेची असली, तरी पैसे आधी रहिवाशालाच उभे करावे लागतात.