दात आवळा आणि गालाला हात लावा!

दोस्तांनो, दोन्ही गालांवर बोटं ठेवा. कानाच्या जरा खाली, किंचित पुढे. आता दात घट्ट आवळा. काहीतरी टणक टम्म फुगलं ना? तो मॅसेटर! गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला दणकट स्नायू. चिक्की फोडायची सगळी मेहनत त्याची. आता बोटं कानशिलांवर न्या आणि पुन्हा आवळा. तिथंही हालचाल! हा त्याचा जोडीदार, टेम्पोरॅलिस.

पण तुमचा जबडा केवढा वाढणार, हनुवटी पुढे येणार की मागे राहणार, हे ठरवतं कोण?

थोडंफार आधीच ठरलेलं असतं. आईबाबांकडून आलेल्या जनुकांमध्ये. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स याचं चित्र मिळालं तर जरूर बघा. खालचा जबडा एवढा पुढे आलेला, की त्याला घास नीट चावताच येत नसे! त्याचे खापरपणजोबा पाचवा चार्ल्स, जन्म १५०० सालचा. त्यांची हनुवटीही तशीच पुढे आलेली. हे हॅब्सबर्ग घराणं. राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून ही मंडळी नात्यातच लग्नं करत. दुसऱ्या चार्ल्सची आई तर त्याच्या वडिलांची सख्खी भाची होती! त्यामुळे तीच ती जनुकं फिरून फिरून एकत्र येत राहिली. संशोधकांनी या घराण्यातल्या १५ जणांची ६६ चित्रं तपासली, तेव्हा दिसलं की आईवडिलांचं नातं जितकं जवळचं, तितका जबडा जास्त पुढे.

म्हणजे सगळा खेळ जनुकांचाच? मुळीच नाही! आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच सुरू होते.

आफ्रिकेत हायरॅक्स नावाचा प्राणी असतो. दिसायला सशाएवढा, पण नातेवाईक कोणाचा? हत्तीचा! अमेरिकेतल्या डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढत्या वयाच्या काही हायरॅक्सना मऊ, शिजवलेलं अन्न दिलं आणि काहींना कच्चं, वाळवलेलं. २००४ साली त्यांनी निकाल सांगितला. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग सुमारे १० टक्के कमी वाढला होता!

असं का व्हावं? कारण हाड जिवंत असतं. स्नायू जोरात ओढतो, तेव्हा हाडावर ताण येतो. हाडातल्या पेशींना तो कळतो आणि जिथं गरज असेल तिथं नवं हाड तयार होतं. चावणं कमी, तर ताण कमी, आणि वाढही जरा कमी. म्हणून भाकरी, गाजर, पेरू, भाजलेलं कणीस चावून खाताना तुमचा मॅसेटर जबड्याच्या हाडाला सारखा कामाला लावत असतो.

आपले फार जुने पूर्वज शिकार आणि कंदमुळांवर जगत. त्यांना आपल्यापेक्षा खूप जास्त चावावं लागे, आणि त्यांच्या जबड्यात अक्कलदाढेलाही सहसा जागा असे. आता ती कित्येकांना अडकते, दुखते, काढावी लागते. घरातल्या मोठ्यांना विचारा बरं, तुमची अक्कलदाढ सरळ आली की आडवी?