गळाला लागलेला मासा ओळखावा कसा?

दिल्लीच्या उत्तरेस पल्ला गावापाशी यमुना राजधानीच्या हद्दीत शिरते. वजीराबादच्या बंधाऱ्यावर शहराच्या पिण्यासाठी तिचे पाणी अडविले जाते, आणि तेथून सुमारे 22 किलोमीटर खाली ओखल्याचा बंधारा लागतो. या प्रवाहाच्या काठी, तसेच आसपासच्या कालव्यांवर व तलावांवर गळ टाकून बसणारे हौशी लोक नेहमी दृष्टीस पडतात. काय लागले असे विचारले, तर बहुधा ‘रोहू’ असे उत्तर मिळते. परंतु रोहू म्हणून दाखविला जाणारा मासा पुष्कळदा मृगळ असतो, क्वचित कानोशी असतो, तर कधी मूळचा या देशातीलच नसतो.

मासा केवळ खाण्यासाठीच धरावयाचा असता तर या घोटाळ्याने फारसे बिघडले नसते. परंतु धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची चांगली प्रथा आता रूढ होत आहे, आणि पुण्यार्थ बाजारातून जिवंत मासे आणून नदीत सोडणारेही आहेत. कोणता मासा सोडावा व कोणता सोडू नये, हे ठरविण्यापूर्वी तो कोण आहे हे समजले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रंग व आकारमान यांवरून जात ठरवू नये. गढूळ पाण्यातील मासा फिकट दिसतो, दाट पाणवनस्पतींत वाढलेला काळपट दिसतो, आणि पाण्याबाहेर काढल्यावर थोड्याच वेळात दोघांचाही रंग पालटतो. तोंडाची ठेवण, ओठ, मिशा, पाठीवरील पराचे अर आणि डोक्याची हाडे ही मात्र अशी पालटत नाहीत. फ्रान्सिस हॅमिल्टन याने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने रोहिता, कटला, मृगला, कालबासू ही लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घेतली. आपले कोळी हे मासे वेगळे ओळखत होते, म्हणूनच हे शक्य झाले.

आता तोंडाकडे पाहू. कटल्याचे डोके मोठे, खालचा जबडा वर वळलेला व मिशा मुळीच नसतात. तो पृष्ठभागाजवळ चरतो, त्यास ही ठेवण साजेशी आहे. रोहूचे तोंड किंचित खालच्या बाजूस असून ओठ जाड व काठाशी झालरीसारखे असतात. मिशा बहुधा एकच जोडी, तीही इतकी आखूड की बोटाने चाचपल्याशिवाय सापडत नाही. कानोशीचे ओठही असेच झालरदार असतात, परंतु मिशांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसतात. कानोशीचा रंग काळसर असतो खरा, पण काळपट रोहूही आढळतो. तेव्हा मिशा मोजणे हाच खात्रीचा उपाय होय. मृगळाचे शरीर सडपातळ, मुस्कट बोथट व तोंड रुंद असते. त्याच्या वरच्या ओठाला झालर नसते व खालचा ओठ जवळजवळ नसल्यासारखाच असतो. ओठ पाहिले की रोहू व मृगळ यांतील गोंधळ तेथेच मिटतो.

परदेशी मासे ओळखणे त्या मानाने सोपे आहे. 1959 साली गवत्या व चंदेरा हे मूळचे चीनकडील मासे मत्स्यपालनासाठी आपल्या देशात आणले गेले. गवत्याला मिशा नसतात, ओठ साधे असतात व पाठीवरील पर आखूड असतो. रोहूच्या परात शाखायुक्त अर बारा-तेरा असतात, गवत्याच्या परात सुमारे सात. चंदेरा लांबून कटल्यासारखा दिसतो. मात्र त्याचे खवले अगदी बारीक असतात, डोळे डोक्याच्या फार खालच्या बाजूस असतात व पोटाची कडा धारदार असते. सायप्रिनसच्या पाठीवरील पर लांबलचक असून त्याच्या आरंभीचा काटा करवतीसारखा दातेरी असतो. तो बोटाला लागला की निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. यमुनेच्या काही भागांत सायप्रिनस व नाईल टिलापिया या परकी माशांचे प्रमाण वाढत असल्याचे संशोधकांना आढळले आहे. मत्स्यबीज केंद्रांतून रोहू-कटल्याचे संकरही कधी कधी बाहेर पडतात. ज्या माशात दोघांचीही लक्षणे मिसळलेली दिसतील, त्याला उगीच एक नाव चिकटवू नये.

खरी अडचण मांगुराच्या बाबतीत येते, आणि नुकसानही येथेच अधिक आहे. आपला देशी मांगूर हा हवेतील प्राणवायू घेऊ शकणारा, खवले नसलेला, चार जोड मिशांचा मासा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. त्याच्याच वंशातील आफ्रिकी मांगूर थायलंडकडून आल्यामुळे ‘थाई मांगूर’ या नावाने बाजारात शिरला. तो झपाट्याने वाढतो, मिळेल ते खातो, लहान मासे फस्त करतो, आणि ज्या घाण पाण्यात इतर मासे गुदमरतात तेथेही तग धरतो. वजीराबादच्या खाली, नजफगड नाला मिळाल्यानंतरची यमुना अशा माशाला अडवू शकत नाही. 2000 साली केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या बंदीची अंमलबजावणी करण्याविषयी आदेश दिले, आणि त्यानंतर महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय खात्याने तळ्यांतील असे मासे नष्ट केले.

दोन्ही मांगुरांना मिशा सारख्याच असतात. दोघांच्याही पाठीवरील पर डोक्यामागून शेपटीपर्यंत लांब असतो, आणि दोघेही हवा घेतात. म्हणून यांतील कोणतेही लक्षण कामाचे नाही. मोठा मासा बहुधा आफ्रिकी असतो, कारण देशी मांगूर हातभर लांबीच्या पलीकडे सहसा जात नाही, तर आफ्रिकी दीड मीटरपर्यंत वाढू शकतो. पण आफ्रिकीची पिले लहानच असतात. यासाठी ओल्या फडक्यात धरून माशाचे डोके वरून पाहावे. कवटीच्या मागच्या कडेला पाठीच्या दिशेने गेलेला हाडाचा भाग देशी मांगुरात एकाच निमुळत्या जिभेसारखा असतो. आफ्रिकी मांगुरात त्या कडेला तीन टोके दिसतात. आफ्रिकीच्या अंगावर पुष्कळदा संगमरवरासारखे करडे डाग असतात, परंतु तो रंगच आहे, पुरावा नव्हे.

विद्वानांचीही या वंशात फसगत झाली आहे. भारतीय मांगूर व लिनीअसने 1758 साली वर्णिलेला मासा एकच, असे दीर्घ काळ मानले जात असे. लिनीअसचा मासा जावा बेटाचा असून आपला निराळा आहे, हे 2008 साली स्पष्ट झाले, आणि हॅमिल्टनने दिलेले ‘मगुर’ हे नाव पुन्हा प्रचारात आले.

शिंगी हाही असाच काळसर व मिशाळ असतो, परंतु त्याच्या पाठीवरील पर अगदी इवलासा असतो. त्याच्या छातीजवळच्या परांचे काटे विषारी असल्याने ओळख पटेपर्यंत अशा कोणत्याही माशास उघड्या मुठीत धरू नये.

देशी मांगूर गळाला लागल्यास गळ हलक्या हाताने काढून त्याला त्याच पाण्यात सोडावे. आफ्रिकी मांगूर मात्र नदीत, तलावात वा घरच्या हौदात, कोठेही सोडू नये, आणि तो कोठे सापडला ते मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावे. डोक्यावरून निर्णय होत नसेल व मासा मेलेला असेल, तर कल्ल्याचे झाकण उचलून पहिल्या कमानीवरचे कंगव्यासारखे दाते मोजावेत. देशी मांगुरात ते वीसच्या आसपास असतात, वाढलेल्या आफ्रिकीत त्याहून कितीतरी अधिक व दाट असतात. आफ्रिकीची दात्यांची संख्या वयाबरोबर वाढत जाते. त्यामुळे वीतभर लांबीच्या पिलात ही मोजणी एकटी पुरत नाही, तेथे कवटीची कडा भिंगाखाली पाहावी.