सपाट फळीतला ताण

ओव्हनच्या काचेआड कार्बन फायबरची एक काळी पट्टी धनुकलीसारखी वाकून उभी होती. वीस सेंटिमीटर लांब, एक मिलिमीटर जाड, मधला बाक सुमारे दोन सेंटिमीटर. तापमान चढू लागलं तशी ती सरळ होत गेली. शंभर अंशांना बाक निम्म्यावर आला आणि एकशे सत्तरच्या पुढे ती फुटपट्टीसारखी सपाट दिसू लागली. प्रयोगशाळेतल्या काकांनी ओव्हन बंद केला. निवता निवता पट्टी पुन्हा होती तितकीच वाकली. मी हे चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा काचेला नाक लावून पाहिलं.

ही पट्टी मुद्दाम असमतोल रचलेली. प्रीप्रेगचे, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या तंतूंचे, आठ थर, चार उभ्या तंतूंचे आणि त्यांवर चार आडव्या तंतूंचे. ऑटोक्लेव्ह या दाबाच्या भट्टीत १८० अंशांना रेझिन क्युअर होतं, म्हणजे कडक होतं, आणि थर एकमेकांना कायमचे जखडले जातात. मग सगळं निवतं. तंतूंच्या दिशेने थर जवळजवळ आक्रसतच नाही, पण तंतूंना काटकोनात तो दर अंशाला लाखाला तीन भाग आक्रसतो. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वीस सेंटिमीटरमागे हा फरक जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो. थरांना सुटं होता येत नाही, म्हणून पट्टी वाकते. टिमोशेंको यांनी १९२५ साली दोन धातूंच्या जोडपट्टीसाठी मांडलेलं गणित इथेही चालतं. बाक मोजला की ताण काढता येतो.

खरी अडचण न वाकणाऱ्या फळीची आहे. विमानाच्या भागांत थर मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखे रचतात, त्यामुळे फळी सपाट राहते. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले की दोर जागचा हलत नाही, पण म्हणून तो सैल नसतो. प्रत्येक थर तंतूंच्या दिशेने दाबलेला आणि आडव्या दिशेने ताणलेला असतो. एकही भार येण्याआधी थराची आडवी ताकद निम्म्याच्या आसपास खर्च झालेली असू शकते. हे पहिल्यांदा कागदावर उतरलं तेव्हा मी आकडेमोड पुन्हा केली होती.

असा ताण मोजायचा तर फळीला भोक पाडावं लागतं. १९३४ साली माथार यांनी धातूसाठी सुचवलेली ही पद्धत: थोडं साहित्य काढून टाकलं की भोवतालचा भाग किंचित सरकतो आणि ते सरकणं मोजायचं. आम्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलकेच घासतो, तंतू कापले जाऊ नयेत इतपतच. पुसून, सरकणं मोजणाऱ्या तीन गेजचं रोझेट चिकटवतो आणि अंगठ्याने मिनिटभर दाबून धरतो. मग हवेवर फिरणाऱ्या टर्बाइनने, रोझेटच्या बरोबर मध्यावर, दोन मिलिमीटर व्यासाचं भोक. एका वेळी खोली फक्त पाच शतांश मिलिमीटर.

प्रत्येक टप्प्यानंतर थांबायचं. धातूत उष्णता पसरून जाते, पण रेझिनमध्ये ती तिथेच रेंगाळते. गेजमधून जाणारा वीजप्रवाहसुद्धा त्याला तापवतो, म्हणून व्होल्टेज कमी ठेवतो. मीटरवरचा आकडा मायक्रोस्ट्रेनमध्ये, म्हणजे मीटरभर लांबीत मिलिमीटरचा हजारावा भाग.

"थांबा मॅडम, अजून सरकतोय," काका म्हणतात. मी पेन खाली ठेवते. एसीची झुळूक लागली तरी आकडा हलतो, म्हणून फळीवर थर्माकोलचं खोकं. एक थर संपून दुसरा लागतो तिथे तिन्ही गेजच्या आकड्यांची चाल बदलते, कारण खालचे तंतू काटकोनात असतात आणि दाब-ताणाच्या दिशांची अदलाबदल होते. त्या जागी मी घाई करत नाही. धातूसाठीची तयार कोष्टकंही इथे उपयोगाची नाहीत. दिशेनुसार गुण बदलणाऱ्या या साहित्यासाठी गुणांक संगणकावर थराथराने काढावे लागतात, आणि मोजमापापेक्षा जास्त दिवस त्यातच जातात.

एका पावसाळ्यात दोन पट्ट्या टेबलावर उघड्याच राहिल्या. सप्टेंबरात बाक मोजला तर दोनेक मिलिमीटरने कमी भरला. मला उपकरणाची शंका आली. काकांनी काही न बोलता पट्ट्या तराजूवर ठेवल्या. वजन वाढलेलं होतं. रेझिन हवेतली ओल पिऊन फुगलं होतं आणि निवताना आलेला ताण तेवढा उतरला होता. सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये आम्ही त्यांना कित्येक दिवस वाळवलं. रोज सकाळी वजन, मग बाक. वजन उतरलं तसा बाक परत आला. तेव्हापासून पट्ट्या सिलिका जेलच्या बरणीत असतात, आणि बरणीच्या झाकणाला ग्रीस लावल्याशिवाय काका घरी जात नाहीत.